आतून घातलेला अडसर

शेषेराव गवंडी वर्षातून जेमतेम दीड महिना माणसांत असे. गटारी अमावस्येला गळ्यापर्यंत पिऊन घ्यायची, दुसऱ्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करायची, कपाळाला गंध लावायचा आणि श्रावण धरायचा. मग पोळा होई, गणपती येत, आणि अनंत चतुर्दशीला गणपती विहिरीत सोडून लोक घराकडं वळले की हा तिथूनच गुत्त्याकडं वळे. आमच्या भागात असे श्रावणपाळे गावागणिक पन्नास निघतील. त्यातल्या एकालाही आपण दारुडे आहोत असं वाटत नाही. मनात आणलं तर सोडतो की, श्रावणात नाही का सोडत, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बायकांनी ते इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्या आता उलट बोलतसुद्धा नाहीत.

शेषेरावाचं गाव भूकंपाच्या पट्ट्यातलं. त्र्याण्णव साली अनंत चतुर्दशीचीच रात्र होती. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. शेषेरावाची आई, पहिली बायको चांगुणा आणि दोन वर्षांचा बजरंग त्यात गेले. शेषेराव तेवढा वाचला, कारण तो पिऊन खळ्यावर पडला होता. पुढं सरकारनं माळावर नवं गाव बसवलं, एकासारखी एक घरं, ओळीनं. जुन्या गावातलं फारसं काही नव्या गावात आलं नाही, पण शेषेरावाची गोष्ट मात्र आली. कुणी पाहुणा आला की त्याला सांगितलं जाई, बाकीच्यांना देवानं तारलं, आमच्या शेषेरावाला दारूनं तारलं. शेषेराव स्वतःही ती गोष्ट सांगे आणि ऐकणाऱ्याबरोबर हसे. जिनं जीव वाचवला तिला सोडणं म्हणजे नमकहरामी, असं वर म्हणे.

भूकंपानंतर दोन वर्षांनी त्याचं कस्तुराबाईशी लग्न झालं. तिनं अठरा वर्षं त्याचं पिणं सोसलं. तो हात उचलत नसे, पण ओरडे, ताटं भिरकावे, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी उठत नसे. त्या संसारात एकच गोष्ट सरळ उगवली, ती म्हणजे तनुजा. दहावीला पोरीनं तालुक्यात नाव काढलं आणि मास्तरांनी सांगितलं, हिला लातूरला घाला. तेव्हा आमच्याकडं एक नवीनच रीत पडली होती. पोराला लातूरला क्लास लावायचा, आणि आईनं गाव सोडून तिथं खोली करून राहायचं, भाकरी थापायला आणि राखण करायला. कस्तुराबाईनंही क्लासच्या गल्लीत बसवराज अप्पांच्या घरी वरच्या मजल्यावर खोली केली. शेषेराव गावी राहिला, कधी महिन्यातून, कधी पंधरा दिवसांतून लातूरला येई, आणि येताना निदान बसस्टँडपर्यंत तरी शुद्धीत असे.

दोन हजार तेराच्या आषाढात एकदा तो तसा नव्हता. स्लॅबचं काम उरकून, दुपारपासून पिऊन, पोरीसाठी भाजलेल्या शेंगांची पुडी घेऊन तो दिवेलागणीला जिना चढला. दार बंद होतं. त्यानं ढकललं, ते हललं नाही. आतून कडी होती.

अठरा वर्षांत कधी त्याला दार बंद सापडलं नव्हतं. पुढं काय झालं ते गल्लीनं पाहिलं. शेषेराव दारावर खांदा आपटू लागला. डोकं आपटू लागला. "बाहेर या," तो ओरडत होता, "पोरीला घेऊन बाहेर ये कस्तुरा, आत निजू नका, बाहेर या." समोरच्या होस्टेलच्या खिडक्यांतून पोरं वह्या हातात घेऊन बघत होती. शेवटी बसवराज अप्पांनी दोघा माणसांच्या मदतीनं त्याला उचलून खाली रस्त्यावर आणला. शेंगा जिनाभर पांगल्या. लोक म्हणाले, काय पण बाप. लोकांचं काही चुकलं नाही, त्यांना दिसलं तेवढंच ते बोलले.

रात्र त्यानं बसस्टँडवर काढली आणि सकाळी उतरलेल्या तोंडानं परत आला. कस्तुराबाई दारात आली नाही, खिडकीत आली.

"अठरा वर्सं झाली," ती म्हणाली, "मी तुमाला कधी काई म्हणले का? पण आता पोरीचं बारावीचं वरीस हाय. दारू सुटल्याबिगर या जिन्यावर पाय ठेवू नका."

"श्रावण तोंडावर आलाय. सोडतोच की."

"श्रावण लई बघितले मी. अनंत चतुर्दशी सरू द्या. ती सुकी गेली तर या, न्हाई तर पोरीला बाप न्हाई आसं समजून चालते मी."

आतून तनुजाचा आवाज आला, "आई, खिडकी लाव ना. वाचायलेय मी." कस्तुराबाईनं खिडकी लावून घेतली. शेषेराव त्या फळीकडं बघत उभा राहिला. 

खोलीच्या बरोबर खाली मकबूलचं दुकान होतं. जूनमध्ये गावोगावची पोरं लातूरला उतरली की प्रत्येकाला एक पत्र्याची पेटी लागते, आणि निम्म्या गल्लीच्या पेट्या मकबूलच्या हातच्या असत. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. रमजानचा महिना होता, ओठ सुकलेले, तरी हातोडी चालू होती. शेषेराव जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेला त्यानं बघितला आणि हातोडी खाली ठेवली.

"इकडं ये भाऊ. काल झालं ते माझ्या डोक्यावरच झालं, म्हणून विचारतो. किती साल झाले पितोस?"

"कोण मोजलंय."

"मी मोजलेत. बावीस साल. सोडून सहा झाले."

शेषेराव जरा सावरून बसला. "तुमच्यात तर चालत न्हाई म्हणे."

"चालत नाही म्हणून तर लपून प्यायचो. आणि लपून पिणारा दुप्पट पितो, कारण बाटली घरी न्यायची सोय नसते, तिथंच संपवावी लागते." मकबूलनं ते इतक्या साधेपणानं सांगितलं की शेषेरावाला हसावं का नाही ते कळेना. "नांदेडला मीटिंग असते, दर इतवारी. पिणाऱ्यांची. म्हणजे सोडलेल्यांची. फी नाही, वर्गणी नाही, डॉक्टर नाही. माझ्याबरोबर चल."

"लातूरात न्हाई का आसली मीटिंग?"

"आहे की. याच गल्लीच्या टोकाला, इतवारी आणि बुधवारी, क्लासच्या खोलीत. पण मी लातूरचा. मोहल्ल्यातलं कोण दिसलं तर शकिलाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून मी नांदेडला जातो. नांदेडचे दोघं इकडं येतात. लोह्याला यस्टी समोरासमोर आल्या की आम्ही एकमेकाला ओळख देत नाही."

प्यायला कुणी लाजत नाही, सोडायला मात्र परगावी जावं लागतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी.

रविवारी दोघं सकाळच्या गाडीनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला गेले. एका शाळेची खोली होती. पंधरा-सोळा माणसं, त्यांत एक पेन्शनर, एक रिक्षावाला, एक चांगल्या कपड्यांतला तरुण. पुढं अर्धापूरचे अमृतराव बसले होते, केळीवाले. रीत सोपी होती. एकेकानं उठायचं, फक्त नाव सांगायचं, मी दारुडा आहे म्हणायचं आणि आपलं सांगायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही, नंतर कुणी सल्ला द्यायचा नाही. इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं. मग चहा.

अमृतरावांनी केळीच्या घडांत बाटल्या लपवून बायकोला कसं फसवलं आणि एकदा एक बाटली घडासकट व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये कशी गेली ते सांगितलं. लोक मनापासून हसले. शेषेरावाला वाटलं, हे तर आपल्याच पारावरचं काम आहे. त्याची पाळी आली तेव्हा तो उठला, नाव सांगितलं, आणि आपली ठेवणीतली गोष्ट काढली. भूकंप, खळं, आणि शेवटी ते वाक्य, बाकीच्यांना देवानं तारलं, मला दारूनं तारलं.

कुणी हसलं नाही. ट्रकच्या गोष्टीवर हसणारे तेच लोक त्याच्याकडं नुसते बघत राहिले. अमृतराव म्हणाले, "धन्यवाद, शेषेराव. येत राहा." एवढंच. शेषेरावाला चांगलाच राग आला. वीस वर्षं चाललेलं नाणं या माणसांनी हातात घेऊन परत केलं होतं.

परतीच्या गाडीत तो कुरकुरत होता. मकबूल खिडकीतून आभाळाकडं बघत होता. लातूर जवळ आलं, रोजा सोडायची वेळ झाली, तसे त्यानं खिशातल्या कागदातून तीन खजूर काढले, एक स्वतः खाल्ला आणि दोन शेषेरावाच्या हातावर ठेवले.

"ती गोष्ट," खजूर चघळत तो म्हणाला, "तू पाठ केल्यासारखी सांगतोस."

 शेषेरावानं खजुराच्या बिया खिडकीबाहेर टाकल्या आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर तो आणखी दोन रविवार गेला. मधल्या आठवड्यांत प्यायला, मीटिंगला ते सांगितलंही. कुणी रागावलं नाही, येत राहा म्हणाले. मग त्या वर्षी गंमत अशी झाली की ईद आणि श्रावण एकाच आठवड्यात आले. शेषेरावानं गटारीला नेहमीप्रमाणं पिऊन घेतली, श्रावण धरला, आणि मीटिंग सोडली. श्रावणात देव राखण करतो, मग केळीवाल्याचं काय काम, असा त्याचा हिशोब. मकबूलनं दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा तो स्वतः यस्टीनं गावी आला. शेषेराव एका घराच्या पायऱ्या बांधत होता. तोंडावर तकाकी आली होती.

"पंधरा दिवस झाले मकबूलभाई. वास सुदिक घेतला न्हाई. सुटली माझी."

मकबूल वाळूच्या ढिगावर बसला. "रमजानचे तीस दिवस मी बावीस वर्षं पाळले, शेषेराव. एक थेंब नाही. आणि दर ईदला दुपारी, शकिला पाहुण्यांना शिरखुर्मा वाढत असायची आणि मी मागच्या दारानं बाहेर पडलेला असायचो. मला पण वाटायचं, मी सोडू शकतो. लई वर्षांनी कळलं, त्या तीस दिवसांत मी दारू सोडत नव्हतो. ईदची वाट बघत होतो."

शेषेरावानं थापी उचलली आणि सिमेंट कालवायला लागला. मनातून त्याला वाटलं, हा मुसलमान माणूस, याला श्रावण काय कळणार. पण ते तो बोलला नाही, आणि मकबूलही चहा पिऊन निघून गेला.

पोळा झाला, गणपती बसले, आणि शेषेरावाच्या ध्यानात आलं की आपण दिवस मोजतोय. आठ राहिले. सात राहिले. सकाळी उठल्याबरोबर पहिला विचार तोच. विटेवर वीट ठेवताना जिभेवर पाणी सुटायचं. तनुजाची शपथ मनात घेऊन बघितली, कस्तुराबाईची खिडकी आठवून बघितली. त्यानं इतकंच झालं की दिवस आणखी हळू जायला लागले. मकबूलचं बोलणं त्याला तेव्हा पटलं, आणि पटलं तसा तो घाबरला. शेवटच्या रविवारी तो आपण होऊन नांदेडला गेला. तिथं तो उठून इतकंच म्हणाला की मला बुधवारची भीती वाटते, आणि खाली बसला. बुधवारी अनंत चतुर्दशी होती.

बुधवारी सकाळीच त्यानं गाव सोडलं. गावात थांबलो तर विहिरीपर्यंत गणपतीमागं जाणार आणि विहिरीपासून पाय आपले आपण वळणार, हे त्याला वीस वर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं. नांदेडला बुधवारीही मीटिंग असते हे त्याला रविवारी कळलं होतं, ती गाठायची. पण लातूरला मिरवणुकांनी रस्ते अडवलेले, गाड्या बाहेरून वळवलेल्या, नांदेडची गाडी कधी लागेल ते कंट्रोलरला सांगता येईना. ढोल चाललेच होते. बसस्टँडच्या मागं दारूची दोन दुकानं होती, विसर्जनाच्या बंदीमुळं शटर खाली पण मागच्या दारानं विक्री चालू, शेषेराव त्यांच्यावरून तीनदा गेला. चौथ्यांदा जायच्या आत तो धापा टाकत मकबूलच्या दुकानात शिरला.

"मकबूलभाई, आज काई खरं न्हाई माझं."

मकबूलनं त्याच्याकडं एकदा बघितलं. त्यानं अर्धवट पेटी तशीच ठेवली आणि शटर ओढलं. "चल. गल्लीच्या टोकाला जाऊ. चारची मीटिंग आहे."

"इथं? आन तुमच्या मोहल्ल्यात कळलं म्हंजे?"

"कळू दे. आज तुझी ईद आहे."

विसर्जनामुळं क्लासला सुट्टी होती. फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित होतं, आणि बाकं सतरा वर्षांच्या पोरांच्या मापाची, त्यात पोटं सुटलेली माणसं अवघडून बसलेली. दहा-अकरा जण होते. शेषेराव आत शिरला आणि त्याचे पाय तिथंच थांबले. दुसऱ्या बाकावर दगडोबा बसला होता, त्याच्याच गावचा, त्याच्याच गल्लीतला. गावात सगळे समजत की दगडोबा बुधवारी लातूरला दाताला जातो.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. दगडोबा सरकला आणि त्यानं बाकावर जागा केली.

शेषेरावाची पाळी आली. बाकातून उठताच येईना, तो अर्धवट वाकूनच उभा राहिला. नाव सांगितलं, मी दारुडा आहे म्हणाला. बाहेरून मिरवणूक चालली होती. दगडोबा हलक्या आवाजात म्हणाला, "सांग की तुझी ती. दारूनं तारल्याली." मध्ये बोलायचं नाही हा नियम, पण त्याला वाटलं शेषेराव अडलाय, जरा हात द्यावा.

शेषेरावानं तोंड उघडलं, ती गोष्ट ओठांवर आलीही होती, आणि त्याला ती सांगवेना.

"त्या राती मी पिऊन घरी गेलो होतो," तो म्हणाला. "खळ्यावर नंतर. आदी घरी. लई उकडायलं होतं. माय, चांगुणा, पोरगं, समदे अंगणात निजले होते. आमी रोजच अंगणात निजायचो. मी जाऊन धिंगाणा घातला. खाट उलथी केली. पोरगं रडायला लागलं. चांगुणानं त्याला उचललं, मायला उठवलं आन समद्यांला घेऊन घरात गेली. आतून अडसर घातला. मी दारावर लाथा घातल्या. ती म्हणली, आज न्हाई उघडणार. मग मी खळ्यावर जाऊन पडलो."

तो थांबला. 

"उजाडताना आलो. घर न्हवतं. दगडाचा ढीग, आन मधी चौकट उभी. दार बंद, आन आतून अडसर तसाच. मी ढिगावर चढून तेवढा काढला. ढिगातच टाकला. म्हणलं कुणी बघू नये. अंगणात निजले आसते तर तिगंबी आज आसते. दारूनं मला तारलं न्हाई. दारूनं त्यायला आत घातलं."

तो बसला. हात गुडघ्यांवर ठेवून, मान खाली घालून बसला.  चहा आला तेव्हा दगडोबानं दोन कप आणले, एक त्याच्या हातात दिला.

"आमी तुझ्या आदी येऊन गेलो होतो," दगडोबा म्हणाला. "अंधारातच. मी आन माझा थोरला भाऊ. आतून आवाज येतो का बघितलं. न्हवता. अडसर बघितला. पलीकडल्या घरातनं आवाज येत होता, म्हणून तिकडं पळालो. उजाडल्यावर परत आलो तर अडसर न्हवता आन तू बसलेला. समजायचं ते समजलो."

"मंग गावाला..."

"ज्यांनी दगडं उचलली त्या समद्याला ठावं हाय. तू चार दिवस तोंडात पाणी घेत न्हवतास. म्हातारे म्हणले, ह्याला जगायला काई तर द्या. मंग कुणी तर म्हणलं, दारूनं तारला म्हणा." दगडोबानं कप बाकावर ठेवला. "तू हसायलास, म्हणून आमी सांगत गेलो."

वीस वर्षं हे गाव त्याच्यावर हसत नव्हतं, त्याला धरून उभं होतं. शेषेरावाला ते एकदम पेलेना. तो रडला, चाळीस पोरांच्या त्या खोलीत, लहान बाकात अडकून, पोटभर रडला. मकबूलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

मीटिंग सुटली तेव्हा ऊन उतरलं होतं. शेषेराव सरळ बसवराज अप्पांच्या जिन्यापाशी गेला. मकबूल म्हणाला, "आज सरला नाही अजून." शेषेराव म्हणाला, "पिलो न्हाई, तेवढं सांगून येतो. आन एक इचारून येतो." पण पायरीवर पाय न ठेवता त्यानं खालून हाक मारली. कस्तुराबाई खिडकीत आली, तिनं त्याला निरखून पाहिलं आणि म्हणाली, या वर. तो वर जाऊन बंद दारासमोर उभा राहिला. खिडकी हातभर अंतरावर होती.

"कस्तुरा, चांगुणानं त्या राती अडसर घातला होता. माझ्या भ्यानं."

कस्तुराबाई दचकली नाही. "मला ठावं हाय."

"कवापासून?"

"लगीन होऊन म्हैना झाला न्हवता. दगडोबाच्या बायकोनं सांगितलं. म्हणली, बाई, काई बी कर, पर त्याच्यावर दार लावू नको, त्याचं काळीज फाटंल." ती गजांना धरून उभी होती. "अठरा वर्सं मी दार नुसतं लोटून निजले. तुमी ताटं फेकली तरी लोटून. पावसात राती दार आपटायचं, म्हणून दगुड लावायचे, पर कडी घातली न्हाई. तुमाला कधी समजलं न्हाई?"

त्याला खरंच समजलं नव्हतं. घरी दार उघडं सापडतं यात काही विशेष असतं, हेच कधी त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मंग त्या दिवशी का घातलीस?"

कस्तुराबाईनं मागं वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी न्हाई. तनुजानं घातली. मी हात धरला तिचा, तर म्हणली, आई, उद्या पेपर हाय माझा. तिला काय सांगणार होते मी?"

पण सांगायचं राहिलं नव्हतं. तनुजा आईच्या पाठीमागंच येऊन उभी होती, बोटात पेन तसंच. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. ती त्या घरात वाढलेली, दारूनं तारल्याची गोष्ट तिला पाळण्यापासून पाठ होती. आज पहिल्यांदा ती दुसरी गोष्ट ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिला दारावर आपटणारं डोकं आठवत होतं.

"तुम्ही त्या दिवशी बाहेर या म्हणत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, मारायला बोलावता." ती आईला बाजूला सारून दाराशी गेली. कडी खाली पडल्याचा आवाज झाला, दार उघडलं, आणि ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली. "मी परत कधी नाही लावणार पप्पा. आत या."

शेषेराव उंबऱ्यापाशी आला. आत गॅसवर भात होता, भिंतीला वेळापत्रक चिकटवलेलं होतं. आत जावं, पोरीला जवळ घ्यावं असं त्याला इतकं वाटलं की त्यानं चौकट धरली. पण बाहेर ढोल वाजत होते, आणि आपल्या जिभेवर अजून पाणी सुटतंय हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"न्हाई बाळा," तो म्हणाला. "अजून घसा कोरडा पडतोय माझा. कडी घाल."

"पप्पा..."

"तू घातलीस ते बरुबर केलंस. पिल्याला मानूस दारात आल्यावर घालायचीच आसती." बोलताना त्याचा आवाज फाटला, पण तो थांबला नाही. "चांगुणानंबी बरुबरच केलं होतं. तिचं काई चुकलं न्हाई. ती पोराला घेऊन आत गेली, तिनं दुसरं काय करायचं होतं. चुकलं ते बाहीर होतं."

कस्तुराबाईनं पदर तोंडाला लावला. तनुजा हलेना.

"मी आईतवारी मीटिंग करून येतो," शेषेराव म्हणाला. "इथली, गल्लीच्या टोकाची. शुद्धीत आसलो तर जेवू घाला. आता घाल."

पोरीनं दार लोटलं. फट मिटली, तरी कडीचा आवाज येईना. ती पलीकडं हात कडीवर ठेवून उभी आहे हे त्याला अलीकडून कळत होतं. तो उभा राहिला. शेवटी कडी चढली. शेषेरावाच्या अंगातून कळ गेली, पण त्यानं दाराला हात लावला नाही. थोडा वेळ कठड्याला धरून तो सावकाश जिना उतरला. खाली मकबूलनं दुकानात दोन पेट्यांच्या मध्ये सतरंजी टाकून ठेवली होती आणि स्टोव्हवर चहा चढवला होता.